दहशतवादविरोधी सहकार्य, बदलतं संरक्षण धोरण आणि मुंबईचा किनारा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘सुरक्षा सहकार्य’ हा शब्द बातम्यांत रोज असतो. प्रत्यक्षात कोण कोणाला काय देतं?

मुख्यतः पाच गोष्टी: माहिती, पुरावा, आरोपी, पैशाची नाकेबंदी आणि युद्धनौका-विमानांना लागणारी सोय. पहिल्या दोहोंत लोकांची गल्लत होते, आणि निम्मे गैरसमज तिथूनच सुरू होतात.

एका गुप्तचर यंत्रणेनं दुसरीच्या कानावर घातलेली गोष्ट म्हणजे माहिती. तिच्या जोरावर आज रात्री नाकाबंदी लावता येते, एखाद्या हॉटेलला सावध करता येतं. न्यायालयात मात्र ती चालत नाही, कारण ती कुठून आणि कशी मिळाली हे सांगायला देणारा देश तयार नसतो. पुराव्याची वाट वेगळी आहे. २६/११ च्या तपासात जप्त झालेल्या जीपीएस यंत्रातला कराचीपासूनचा मार्ग काढायला एफबीआयची मदत झाली. पण खटल्यात त्याला वजन आलं ते एफबीआयच्या तज्ज्ञांनी मुंबईच्या विशेष न्यायालयात साक्ष दिल्यावर.

परदेशातून पुरावा मागवायची पद्धत काय? इतका वेळ का लागतो?

तपास अधिकारी न्यायालयाकडून विनंतीपत्र मिळवतो. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६६ अ खाली व्हायचं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ११२ खाली होतं. ते केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातं, तिथून समोरच्या देशाकडे. चाळीसहून अधिक देशांशी आपला परस्पर कायदेशीर साहाय्याचा करार आहे. अमेरिकेशी झालेला २००५ पासून लागू आहे.

विनंती परत येते ती बहुतेक वेळा कागदातल्या ढिसाळपणामुळे. ‘या ईमेल खात्याची सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलं की परदेशी अधिकारी ते बाजूला ठेवतो. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचं हवं, त्या खात्याचा गुन्ह्याशी संबंध काय, आपल्या कलमाचा अर्थ काय आणि तसं कृत्य त्यांच्याकडेही गुन्हा ठरतं का, हे सगळं एकाच कागदात लागतं. जोडीला त्यांच्या भाषेतलं प्रमाणित भाषांतर. दुसरी अडचण काळाची. कंपन्या लॉग कायम ठेवत नाहीत. म्हणून अनुभवी अधिकारी आधी ‘आहे ते जपून ठेवा’ एवढीच विनंती धाडतो आणि सविस्तर कागद मागाहून पाठवतो. हा क्रम उलटला, तर वर्षभरानं उत्तर येतं आणि त्यात काही नसतं.

रेड नोटीस निघाली म्हणजे अटक झालीच ना?

नाही. रेड नोटीस हे इंटरपोलच्या १९६ सदस्य देशांना केलेलं आवाहन आहे: हा माणूस सापडला तर शोधून ताब्यात घ्या, आम्ही प्रत्यार्पण मागणार आहोत. अटक करायची की नाही हे तो देश आपल्या कायद्यानं ठरवतो. इंटरपोलचे स्वतःचे शिपाई नसतात. भारताकडून हे काम सीबीआय पाहते. राज्य पोलिसांच्या विनंत्या पूर्वी पत्रांवर आणि ईमेलवर फिरायच्या, जानेवारी २०२५ पासून त्यासाठी ‘भारतपोल’ हे पोर्टल आहे.

इंटरपोलच्या घटनेचं कलम ३ राजकीय, लष्करी, धार्मिक किंवा वांशिक स्वरूपाच्या प्रकरणांत हात घालू देत नाही. आरोपीचा वकील पहिला घाव तिथेच घालतो. विनंतीत संघटनेच्या विचारसरणीवर पानंच्या पानं आणि स्फोटकं कोणी ठेवली यावर चार ओळी असतील, तर नोटीस निघत नाही.

तहव्वूर राणाला आणायला इतकी वर्षं का लागली?

२६/११ च्या कटातला आरोपी राणा ऑक्टोबर २००९ मध्ये शिकागोत पकडला गेला. २०११ मध्ये तिथल्या ज्युरीनं त्याला लष्कर-ए-तोयबाला मदत आणि डेन्मार्कमधला कट यांत दोषी धरलं, मुंबईच्या आरोपातून मात्र सोडलं. सगळा घोळ इथे आहे. २०२० मध्ये तो सुटल्यावर भारताच्या विनंतीवरून त्याला पुन्हा अटक झाली आणि बचाव ठरला: ‘एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला कसा?’ १९९७ च्या भारत-अमेरिका प्रत्यार्पण कराराच्या कलम ६ मध्ये ही मुभा आहेच.

मुद्दा ठरला तो एका शब्दावर. ‘गुन्हा’ म्हणजे केलेलं कृत्य, की कायद्यात सांगितलेले त्याचे घटक? कृत्य धरलं तर राणा सुटतो. घटक धरले तर भारताचे बनावट दस्तऐवज, देशाविरुद्ध युद्धाचा कट, खून हे आरोप अमेरिकेतल्या आरोपांहून वेगळे ठरतात. अमेरिकी न्यायालयांनी दुसरा अर्थ घेतला. मे २०२३ मध्ये दंडाधिकाऱ्यांनी प्रत्यार्पण योग्य ठरवलं, ऑगस्ट २०२४ मध्ये अपील न्यायालयानं ते कायम केलं, जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दार बंद केलं आणि १० एप्रिल २०२५ रोजी तो दिल्लीत उतरला.

हल्ल्याआधी मुंबईची टेहळणी करणारा राणाचा साथीदार डेव्हिड हेडली, त्याचं तसं नाही. शिक्षेतल्या तडजोडीत त्यानं प्रत्यार्पण होणार नाही हे पदरात पाडून घेतलं होतं. म्हणून फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या न्यायालयानं त्याची साक्ष व्हिडिओवर घेतली.

बाकीची प्रत्यार्पणं कुठे अडतात?

तुरुंगावर. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातली बराक क्रमांक १२ परदेशी न्यायाधीशांना चांगलीच परिचयाची झाली आहे. आर्थिक गुन्ह्यांतल्या फरार आरोपींच्या प्रकरणांत तिचं चित्रीकरण लंडनच्या न्यायालयात दाखवावं लागलं, आणि बेल्जियमला कैद्यामागे किमान ३ चौरस मीटर मोकळी जागा देऊ असं लेखी द्यावं लागलं. दहशतवादाच्या खटल्यांनाही हीच कसोटी लागते. १९९५ च्या पुरुलिया शस्त्रप्रकरणातला आरोपी डेन्मार्कनं अजून दिलेला नाही. इथे छळ होईल अशी भीती तिथल्या न्यायालयानं २०११ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये धरली.

दुसरी गोष्ट म्हणजे दिलेला शब्द. अबू सालेमला २००५ मध्ये पोर्तुगालनं सोपवलं ते फाशी नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त कैद नाही या हमीवर. १९९३ च्या स्फोटांत २५७ माणसं गेलेल्या शहराला हे कडू लागणं साहजिक आहे. पण २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ती हमी सरकारवर बंधनकारक मानली. शब्द मोडला तर पुढचा आरोपी कुठलाच देश देणार नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या यादीत नाव गेल्यानं काय फरक पडतो?

दहशतवाद्यांवर निर्बंध लादणाऱ्या १२६७ समितीच्या यादीत नाव आलं की मालमत्ता गोठते, प्रवासबंदी येते, शस्त्रं द्यायला मनाई होते. सुरक्षा परिषदेचे पंधराही सदस्य या समितीत असतात आणि निर्णय एकमतानं होतो. त्यामुळे एका देशानं ‘थांबा’ म्हटलं की प्रस्ताव सहा महिने आणि वर तीन महिने लटकतो. मसूद अझहरचं नाव १ मे २०१९ रोजी गेलं, ते चीननं आडकाठी काढल्यावर. पहिला प्रस्ताव २००९ चा होता.

माझं नाव अशा यादीतल्या नावाशी जुळलं म्हणून बँकेनं खातं गोठवलं. आता?

होतं असं, विशेषतः नाव सर्रास आढळणारं असेल तर. शाखेत जाऊन भांडण्यापेक्षा लेखी अर्ज द्या. सोबत पासपोर्ट, जन्मतारखेचा दाखला, वडिलांचं नाव आणि पत्त्याचा पुरावा जोडा. यादीतल्या नोंदीत जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, उपनावं असतात, फरक तिथूनच सिद्ध होतो. बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या कलम ५१ अ खालच्या कार्यपद्धतीनुसार बँकेनं हा अर्ज दोन कामकाजी दिवसांत केंद्राच्या नोडल अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो. पडताळणीत तुम्ही तो माणूस नाही असं दिसलं तर पंधरा कामकाजी दिवसांत खातं मोकळं करण्याचा आदेश निघायला हवा. अर्जाची पोच, शिक्का आणि तारखेसह, घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

एफएटीएफची करडी यादी म्हणजे निर्बंध का?

एफएटीएफ ही काळा पैसा आणि दहशतवादी वित्तपुरवठा यांवर नजर ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था. तिची करडी यादी म्हणजे थेट निर्बंध नाहीत, पण खिशाला चाट बसते. यादीतल्या देशाशी व्यवहार करताना परदेशी बँका जास्त चौकशी करतात आणि पैसा महाग पडतो. पाकिस्तान जून २०१८ ते ऑक्टोबर २०२२ या यादीत होता. हाफिज सईदला दहशतवादी वित्तपुरवठ्यात २०२० मध्ये शिक्षा झाली ती याच काळात. तो योगायोग मानायला आम्ही तयार नाही. यादीतून बाहेर पडल्यावर तो दाब किती टिकला, हा वेगळा विषय.

२००८ नंतर भारताची भूमिका खरंच बदलली, की नुसती भाषा?

दोन्ही. २६/११ नंतर भारतानं पुराव्यांचे दस्तऐवज पाकिस्तानला दिले, जगभर दाखवले, लष्करी उत्तर दिलं नाही. डिसेंबर २००८ मध्ये एनआयए (राष्ट्रीय तपास संस्था) उभी राहिली, कायदा कडक झाला. उरीनंतर २९ सप्टेंबर २०१६ ला नियंत्रण रेषेपलीकडे कारवाई झाली, पुलवामानंतर २६ फेब्रुवारी २०१९ ला बालाकोट. २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ जण मारले गेले, त्यांतले सहा महाराष्ट्राचे. पंधरवड्यात, ७ मे रोजी, भारतानं पाकिस्तान आणि पाकव्याप्त काश्मीरमध्ये नऊ ठिकाणी हल्ले केले आणि १० मेला गोळीबार थांबला. यापुढचा दहशतवादी हल्ला युद्धकृती मानला जाईल, असं सरकारनं त्यानंतर जाहीर केलं.

फाइलींचं काम यामुळे कमी झालेलं नाही, उलट वाढलं आहे. उत्तर जितकं लवकर द्यायचं, तितक्या लवकर जगाला पटेल असा पुरावा हाताशी लागतो. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेनं लष्कर-ए-तोयबाची आघाडी असलेल्या ‘द रेझिस्टन्स फ्रंट’ला दहशतवादी संघटना ठरवलं, तेही कागदांच्याच जोरावर.

अमेरिकेशी केलेल्या करारांमुळे मुंबईत त्यांचा तळ होणार का?

नाही. २०१६ चा करार इंधन, अन्न, सुटे भाग, बंदरात थांबा यांची देवाणघेवाण आणि तिचा हिशेब एवढ्यापुरता आहे, आणि परवानगी दर वेळी वेगळी. २०१८ चा करार सांकेतिक संदेशयंत्रणेचा, २०२० चा नकाशे आणि भूस्थानिक माहितीचा. मुंबईपुरतं सांगायचं तर २०२३ मध्ये माझगाव डॉकनं अमेरिकी नौदलाशी जहाजदुरुस्तीचा करार केला. हा गोदी कामगारांच्या हाताला काम देणारा करार आहे, तळ नव्हे.

सोमाली चाच्यांना इथे मुंबईत का आणतात?

कारण त्यांना पकडणाऱ्या युद्धनौका पश्चिम नौदल कमानच्या असतात, आणि खटला चालवायला इथे न्यायालय आहे. मार्च २०२४ मध्ये भारतापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर आयएनएस कोलकातानं ‘रुएन’ या अपहृत जहाजाला गाठलं. सी-१७ विमानातून मार्कोस कमांडो समुद्रात उतरवले गेले. सुमारे चाळीस तासांच्या कारवाईनंतर ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुखरूप सुटले. २३ मार्चला चाचे मुंबई पोलिसांच्या, म्हणजे यलोगेट पोलीस ठाण्याच्या हवाली झाले.

यामागे एक जुनी ठेच आहे. १९९९ मध्ये ‘अलोंड्रा रेनबो’ हे जपानी मालकीचं जहाज पळवणाऱ्यांना भारतीय तटरक्षक दल आणि नौदलानं पकडलं. मुंबईच्या सत्र न्यायालयात शिक्षाही झाली, पण २००५ मध्ये उच्च न्यायालयात ते सुटले. चाचेगिरी असा गुन्हाच आपल्या कायद्यात नव्हता. २०११ च्या सुमारास शंभराहून अधिक चाचे पकडून आणले, तेव्हाही खटले इतर कायद्यांच्या कलमांत बसवावे लागले. सागरी चाचेगिरी विरोधी कायदा २०२२ मध्ये आला, तेव्हा ही फट बुजली.

समुद्रात नेमकी जबाबदारी कोणाची?

किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंत, सागरी पोलीस आणि तटरक्षक दल. तिथून २०० मैलांपर्यंत तटरक्षक दल, आणि सगळ्यावर नौदल. २००९ पासून किनारी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे आहे आणि मुंबईत त्यासाठी संयुक्त कार्यकेंद्र चालतं. मित्रदेशांकडून जहाजांची माहिती येते ती गुरुग्रामच्या केंद्रात, जे डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झालं. तिथे परदेशी संपर्क अधिकारीही बसतात.

एवढी रडारं असूनही अनोळखी नौका किनाऱ्याला लागते कशी?

हा प्रश्न तीनदा खरा ठरला आहे. जुलै २०११ मध्ये ‘पवित’ हे ओमानजवळ सोडून दिलेलं जहाज महिनाभर वाहत येऊन थेट जुहूच्या वाळूत रुतलं. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला ‘लेडी हान’ ही नौका लागली आणि आत तीन एके-४७ सापडल्या. घातपात नव्हता. मस्कतहून युरोपला निघालेल्या नौकेचं इंजिन जूनमध्येच बंद पडलं होतं, माणसांना एका कोरियन युद्धनौकेनं वाचवलं आणि नौका तशीच भरकटली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिघे मच्छीमार मालकाच्या जाचाला कंटाळून कुवेतहून मालकाचीच बोट घेऊन निघाले आणि गेटवेच्या जवळ येईपर्यंत कोणी अडवलं नाही.

कारण साधं आहे. रडारची नजर सरळ रेषेत जाते. ५० मीटर उंच मनोऱ्यावरून पाण्याच्या वर २ मीटर असलेली होडी फार तर अठरा-एकोणीस सागरी मैलांपर्यंत दिसू शकते, तीही कागदावर. लाकूड आणि फायबर लाटा फारशा परतवत नाहीत, आणि पावसाळ्यात लाटांच्याच प्रतिध्वनीनं पडदा भरून जातो. शिवाय दिसलेला ठिपका कोणाचा, हे रडार सांगत नाही. ते काम नौकेवरच्या एआयएस यंत्राचं, जे नौकेची ओळख आणि ठावठिकाणा आपोआप रेडिओवर सांगतं. आणि २६/११ च्या हल्लेखोरांनी पळवलेल्या ‘कुबेर’चं उदाहरण विसरू नका: ती पोरबंदरची, नोंदणी असलेली, भारतीय नौका होती. ठिपका ओळखीचा होता, आतली माणसं नव्हती.

आमची मच्छीमार नौका आहे. ट्रान्सपॉन्डर लावून फायदा काय, आणि बिघडतं कुठे?

२० मीटरपेक्षा लांब नौकांना एआयएस सक्तीचं आहे. लहान नौकांसाठी इस्रोनं विकसित केलेल्या उपग्रहावर चालणाऱ्या ट्रान्सपॉन्डरची एक लाख नौकांची योजना ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये सुरू झाली. यंत्र मोफत आहे. त्यावरून दोन्ही बाजूंनी मजकूर जातो, संकटाचा संदेश पाठवता येतो, सीमारेषेजवळ गेलात तर इशारा मिळतो. मोबाइलची रेंज संपते तिथे याची किंमत कळते.

लहान नौकेवरचं ‘बी’ वर्गाचं एआयएस नौका चालत असताना साधारण दर ३० सेकंदांनी, थांबल्यावर दर ३ मिनिटांनी ठावठिकाणा सोडतं. बिघाड बहुतेक वेळा यंत्रात नसतो. अँटेनाच्या जोडणीत खारं पाणी शिरून हिरवट गंज चढतो. इंजिनाच्याच बॅटरीवरून जोडणी घेतलेली असते, त्यामुळे स्टार्टर मारताना विजेचा दाब पडतो आणि यंत्र बंद होऊन परत सुरू होतं. यासाठी वेगळी बॅटरी आणि वेगळा फ्यूज ठेवा, जोडणीवर स्वतः चिकटणारी रबरी टेप गुंडाळा. नौका विकली तर यंत्रातला ओळख क्रमांक आणि नाव बदलून घ्या. नाहीतर दुसऱ्याच्या नौकेवर तुमचं नाव फिरेल आणि चौकशी तुमच्या दारी येईल.

मासळीची जागा इतरांना कळू नये म्हणून यंत्र बंद ठेवायची सवय आहे. ती समजण्यासारखी आहे, पण वादळात शोधणाऱ्याला शेवटचा ठिकाणा सहा तासांपूर्वीचा मिळतो.

निघताना खलाशांची खरी यादी धक्क्यावर द्या. ऐन वेळी बदललेला खलाशी यादीत नसणं, ही भाऊच्या धक्क्यापासून वर्सोव्यापर्यंत सगळीकडे आढळणारी चूक आहे.

समुद्रात संशयास्पद नौका दिसली तर काय सांगायचं?

जवळ जाऊ नका, टॉर्च मारू नका. व्हीएचएफ रेडिओ असेल तर वाहिनी १६. मोबाइल लागत असेल तर तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३. सांगायचा क्रम असा: तुमच्या नौकेचं नाव, जीपीएसवरचे अक्षांश-रेखांश, ती नौका तुमच्यापासून कुठल्या दिशेला आणि अंदाजे किती लांब, तिचं तोंड कुठे, वेग, रंग, नोंदणी क्रमांकाची दिसतील तेवढी अक्षरं, माणसं किती, जाळी पाण्यात आहेत का. शेवटचं फार महत्त्वाचं. मासेमारीची नौका, पण जाळं कोरडं आणि डेकवर बर्फ नाही, हे रडारला कधीच कळत नाही, तांडेलाला एका नजरेत कळतं. १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत यांत्रिक नौका दिसली तरी कळवा.

घरी परदेशी पाहुणा उतरला आहे किंवा खोली भाड्यानं दिली आहे. काही करावं लागतं का?

परदेशी नागरिक असेल तर २४ तासांत विदेशी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर माहिती भरायची, जी लोक अजून ‘फॉर्म सी’ म्हणून ओळखतात. हे हॉटेलांनाच नाही, घरात ठेवून घेणाऱ्यालाही लागू आहे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात किंवा मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर द्यायची. एजंटनं ‘करून टाकलंय’ म्हटलं तर पोच मागा. सोसायट्यांना हा त्रास वाटतो, पण हेडलीनं २००६ नंतर ताडदेवमध्ये स्थलांतर सल्ल्याचं कार्यालय थाटून, नाव बदललेल्या अमेरिकी पासपोर्टवर हे शहर फिरून फिरून चित्रित केलं होतं.

पुन्हा तसा हल्ला झाला तर कमांडो दिल्लीहून यायची वाट पाहायची का?

नाही. २००९ पासून एनएसजीची (राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाची) तुकडी मरोळला आहे आणि राज्याचं ‘फोर्स वन’ही त्याच वर्षी उभं राहिलं. तरी पहिली काही मिनिटं जवळच्या पोलीस ठाण्याचीच असतात. ११२ वर फोन करा. घटनास्थळाचं थेट चित्रण टाकू नका. २००८ मध्ये हल्लेखोरांचे सूत्रधार कराचीत टीव्ही पाहूनच फोनवर सूचना देत होते.